धुरपदाबाईचा मुराळी

धुरपदाबाई मला कधी आवडली नाही आणि मीही तिला आवडत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना लोक जसे गोडगोड होतात तसा मीही होईन, आणि त्या बाईबद्दल गोड लिहिणं म्हणजे तिचा अपमान आहे.

चोपड्याहून यावलकडे जाताना अडावदच्या पुढे, रस्त्यापासून जरा आत आमचा मिशनचा दवाखाना होता. मागे सातपुडा, पुढे केळीचे मळे. दवाखाना चालवायच्या एल्साबाई. त्या मूळच्या नॉर्वेच्या. तरुणपणी नर्स म्हणून आल्या आणि इथेच राहिल्या. आसपासच्या गावांतली निम्मी माणसं त्यांच्याच हातांवर जन्मलेली. मी शालिग्राम, त्यांचा कंपाउंडर. माझे वडील मिशनचे प्रचारक होते, त्यामुळे देवावर भरवसा ठेवणं हे माझं घरचंच काम. आणि धुरपदाबाई बंगल्यावरची स्वयंपाकीण.

स्वयंपाक ती चांगला करायची, हे मान्य. पण ती असं वाढायची की जेवणाऱ्याची भूकच मरावी. ताट आपटायचं, भाकरी वरून टाकायची, आणि कोणी पुरे म्हटलं की, 'मंग इतल्या कसाले थापाले लायात?' म्हणून त्याच्याच अंगावर जायचं. सकाळी बंगल्याच्या ओट्यावर आमची प्रार्थना असायची. नेमकी त्याच वेळेला हिला पितळी भांडी घासायची आठवण. आम्ही डोळे मिटले की मागून चिंच, राख आणि काथ्याचा खरखराट सुरू. मी एकदा उठून तिला सांगायला गेलो, की बाई, प्रार्थना चालू आहे.

"मंग करा ना," ती म्हणाली. "मी काय तुमना देवना कानमा बोटं घाली बठेल शे?"

एल्साबाईंकडे तक्रार नेली तर त्या हसल्या. म्हणाल्या, "शालिग्राम, देवाला भांड्यांचा आवाज चालतो." देवाला चालत असेल. मला चालत नव्हता. मिशनच्या आवारात राहून, मिशनचं अन्न खाऊन, ही बाई एकदाही आमच्या देवळाची पायरी चढली नाही आणि बाईंनीही तिला कधी चढ म्हटलं नाही. उलट बाईंनी जेवणाआधी हात जोडले की ही कमरेवर हात ठेवून म्हणायची, ते थंड व्हई ऱ्हायनं.

तिची मागची हकीकत मला बाईंकडून कळली. तिच्या तोंडून कधी ऐकली नाही. तिचं माहेर धुळ्याकडचं, सोनगीरच्या अलीकडचं एक खेडं. सासर अडावदजवळ. मूलबाळ झालं नाही आणि नवऱ्यानं दुसरी आणली, इथवर गोष्ट चारचौघींसारखी. पुढची मात्र आमच्या खानदेशातच घडू शकते. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात. एक वेळ दिवाळी चुकली तर चालते, आखाजी नाही. पण लेक आपली आपण उठून जात नाही. बाप नाहीतर भाऊ तिला घ्यायला येतो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला की सासू तोंड वाकडं करून का होईना, सुनेला सोडते. नाही आला, तर ज्यानं जे समजायचं ते समजून घ्यावं.

बाप होता तोवर धुरपदाबाईचा मुराळी येत गेला. बाप गेला आणि धाकटा भाऊ निंबा घरचा कर्ता झाला. त्या आखाजीला तो आला नाही. पुढच्या आखाजीलाही आला नाही. जावांचे भाऊ आले, आमरस खाऊन जावांना घेऊन गेले, आणि हिच्या वाट्याला मागं उरलेली सगळ्यांची गुरं आली. तिसऱ्या वर्षी हिनं डोक्यावर पदर घेतला, एस.टी. पकडली आणि एकटीच माहेरी गेली.

माहेरी आलेल्या लेकीवरून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकतात, मगच ती उंबऱ्याच्या आत पाय घालते. भावजय इंदिराबाई दारात उभी होती. तिनं तुकडा आणला नाही. "बिगर मुराळीनी कोन येस?" एवढंच म्हणाली. निंबा आत खाटेवर बसलेला होता. तो उठला नाही. ही अंगणात उभी राहिली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत फिरली, तर इकडे सासरच्या दाराला आतून कडी. न बोलावता गेली ना, मग तिकडेच राहू दे, असा निकाल तिच्या माघारी लागलेला. दुसऱ्या दिवशी ती आमच्या दवाखान्याच्या आवारात येऊन बसली. आजार काही नव्हता. एल्साबाईंनी हातातले पेशंट संपवले, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तिच्यापुढे कांद्यांची टोपली ठेवली. त्या दिवसापासून ती आमच्याकडे. त्याला पंचवीसेक वर्षं झाली असतील.

सत्याऐंशी साली एल्साबाईंचं परत जायचं ठरलं. वय झालं होतं, गुडघे गेले होते, आणि इथं राहायच्या परवान्याची मुदत या वेळी वाढून मिळणार नव्हती. दवाखाना धुळ्याचा एक ट्रस्ट घेणार होता. त्यांची माणसं येऊन बंगला पाहून गेली. स्वयंपाकघर आणि त्याला लागून असलेली धुरपदाबाईची खोली पाहून त्यातला एकजण म्हणाला, हे पाडायचं. ती तेव्हा खोलीतच बसलेली होती. त्यानं तिच्याकडे पाहूनसुद्धा न पाहिल्यासारखं केलं.

बाईंच्या जाण्याची तयारी म्हणजे नुसता गोंधळ. सकाळी त्या ट्रंक उघडायच्या, चार कपडे ठेवायच्या, तेवढ्यात कोणी पाड्यावरून बाळंतीण घेऊन यायचं आणि ट्रंक तशीच उघडी राहायची. औषधांचा साठा ट्रस्टच्या ताब्यात द्यायचा होता. मुंबईला फोन लावायला चोपड्याच्या पोस्टात जाऊन बसायला लागायचं. त्यात भेटायला येणाऱ्यांची रीघ. भेटायला म्हणजे काय, मागायला. जो येई तो आधी डोळे पुसे आणि मग बंगल्यात नजर फिरवी. कपाट कोणाला देणार, फ्रीज कोणाला देणार, ही खुर्ची तर बिनकामाची आहे. बाई देत सुटल्या होत्या. धुरपदाबाई ट्रंकेत ब्लँकेट घालायची आणि बाई ते काढून तापानं कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्याला द्यायच्या. ती परत दुसरं घालायची. एक दिवस ती ट्रंकेच्या झाकणावर चढून बसली आणि मागायला आलेल्या बायकांना म्हणाली, बाईले आते नागडी धाडतीस का?

मला त्या घोळक्याची किळस यायची. पण माझी खरी चिडचिड वेगळीच होती. बाई कशाचीच काळजी करत नव्हत्या. मुंबईच्या विमानाचं अजून पक्कं कळलेलं नाही म्हटलं, तर म्हणायच्या, देव वाट काढेल. जळगावला जायला ट्रस्टची जीप येणार की नाही, देव वाट काढेल. मीही विश्वासणारा माणूस आहे. पण देवाबरोबर जीपवाल्यालाही एकदा विचारावं, अशा मताचा मी आहे.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात चहा घ्यायला गेलो, तेव्हा बाई धुरपदाबाईच्या समोर पाटावर बसलेल्या होत्या. त्यांचे गुडघे दुखत असताना त्या खाली बसल्या म्हणजे विषय मोठा असणार.

"धुरपदा, मी ट्रस्टला दोनदा सांगितलं. ते ऐकत नाहीत," बाई म्हणाल्या. "पण तुझी सोय देव करेल. माझा भरवसा आहे."

धुरपदाबाईनं परातीतून हात काढला नाही. "तुमना देव तुमनासंगे जाई ऱ्हायना का आठेच ऱ्हाई ऱ्हायना? आधी ते ईचारी ल्या."

"इथंही राहील."

"मंग त्याले खोली कोठे शे? मनी तर पाडी ऱ्हायनात."

 मला वाटलं होतं, आता तरी त्या तिला दोन शब्द सुनावतील. त्याऐवजी त्यांनी दुसऱ्या दिवशी मला धुळ्याच्या एस.टी.त बसवलं आणि निंबाकडे निरोप देऊन पाठवलं, की या आखाजीला बहिणीला घ्यायला ये, आणि ती राहील तोवर तिला राहू दे.

निंबानं मला बसायलाही सांगितलं नाही. चाळीसेक माणसं मावतील असं रिकामं मोठं घर, अंगणात दोन बैलजोड्या, आणि तो म्हणतो, "घरमा जागा नही. तिले सासर शे ना?" मी म्हटलं, सासर संपून जमाना झाला. तो म्हणाला, मग मिशन आहे. इंदिराबाई दारातून ऐकत होती. तिनं पाणी विचारलं नाही. परत येताना पारोळ्यापर्यंत मी त्या घराला मनात जे जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बाईंना मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. आणि दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळच्या प्रार्थनेत उघड मागायला लागल्या, की प्रभू, धुरपदाचा भाऊ तिला घ्यायला येऊ दे. मागे भांड्यांचा आवाज बंद पडला. तिसऱ्या दिवशी राखेनं भरलेल्या हातांनी धुरपदाबाई ओट्यावर आली. प्रार्थना चालू असताना ती पहिल्यांदाच तिथं आली होती.

"मनं नाव तुमना देवपुढे काढानं नही," ती म्हणाली. "मना भाऊ कसा शे, ते मी गावले कधी सांगं नही. तुम्ही रोज सकायले सांगतस."

 बाईंनी तिची माफी मागितली. त्यानंतर त्या मोठ्यानं मागत नसत, पण मागत असत, हे त्यांच्या ओठांवरून मला दिसायचं. मला त्या प्रार्थनेचाही राग यायचा. मुराळी मागणं म्हणजे निंबाला मागणं, आणि निंबाला मी पाहून आलो होतो. देवाकडे वस्तू मागतानासुद्धा माणसानं जरा निवड करावी.

याच दिवसांत गावात एक अफवा सुटली. बाईंनी फ्रीज, कपाटं, पितळेची भांडी, शिलाई मशीन, सगळं धुरपदाबाईच्या नावावर केलं म्हणे. पंचवीस वर्षं चूल सांभाळली तर संसार तिचाच, असा आमच्या लोकांचा हिशेब. खरं तर तोवर बंगल्यात एक पलंग आणि दोन खुर्च्या उरल्या होत्या. पण अफवा अडावदच्या बाजारातून निघून धुळ्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही, कारण आखाजीच्या आधी सगळा खानदेश या गावातून त्या गावात फिरत असतो.

बाईंची गाडी आखाजीच्याच दिवशी दुपारी जळगावहून होती. ट्रस्टची जीप सकाळी यायची होती. ती आली नाही. मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो, परत आलो, पुन्हा गेलो. एस.टी. माणसांनी लोंबकळत जात होत्या. त्यांत दोन ट्रंका आणि गुडघे गेलेली बाई चढवणं अशक्य. केळीच्या गाड्याही सणामुळे बंद. मी घामाघूम होऊन बंगल्यावर आलो तर बाई ट्रंकेवर बसून एका पोराच्या बोटाला पट्टी बांधत होत्या.

"जीप येत नाही," मी म्हणालो. "गाडी चुकणार. गाडी चुकली की विमान चुकणार."

"बस जरा, शालिग्राम. देव..."

"वाट काढेल. माहीत आहे." मी आयुष्यात एकदाच बाईंचं वाक्य तोडलं, ते तेव्हा.

तेवढ्यात फाटकाशी टेम्पो येऊन थांबला. मागे रिकामा, नुसती गोणपाटं आणि दोरांची वेटोळी. झुलाल नावाचा ड्रायव्हर खाली उतरला आणि त्याच्या मागून नवी टोपी घातलेला निंबा.

निरोप द्यायला जमलेली सगळी माणसं आवारात होती. बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "धुरपदा, बघ, भाऊ आला," त्या म्हणाल्या. त्यांना दोर दिसलेच नाहीत. मला आधी दोरच दिसले.

धुरपदाबाई स्वयंपाकघराच्या दारात आली. इतक्या वर्षांनी भाऊ समोर उभा, पण ती त्याच्याकडे न पाहता त्याच्या मागे टेम्पोकडे पाहत राहिली.

"अक्का, चाल," निंबा म्हणाला. "आखाजीले तुले लेवाले उनू."

"मले लेवाले इतला मोठा टेम्पो? मी काय कापूसनी गाठ शे?"

बायका हसल्या. निंबानं कसनुसं तोंड केलं आणि हळूच विचारलं, "सामान कोठे शे?"

"मीच सामान."

"नही, लोके सांगतस का बाईनी बठ्ठं तुले दिधं..."

"दिधं ना." ती आत गेली आणि कांदे चिरायची विळी घेऊन आली. "हाई ईळी."

निंबानं बंगल्यात डोकावून पाहिलं. उघड्या भिंती पाहून त्याचा चेहरा असा उतरला की मला, देवानं मला क्षमा करावी, फार बरं वाटलं. तो झुलालकडे वळला, म्हणाला, चल, उशीर होतोय. बाई अजून हात जोडून उभ्या होत्या. हा माणूस कशासाठी आला होता ते आता त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांचे हात हळूहळू खाली आले. त्यांच्याकडे मला बघवेना.

धुरपदाबाई मात्र अंगणाच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. "जाय ना, निंबा. बठ्ठा गावनी देखं, तू मुराळी बनीसन उना. आते आखाजीना दिन बिगर लेकना मांगे जाय. मी बी देखस."

कोणी हसलं नाही. मुराळी रिकामा परत जाणं म्हणजे काय, ते आवारातल्या पोराटोरांनाही कळत होतं. जमलेल्यांत दोघीतिघी आजच धुळ्याकडे माहेरी निघालेल्या होत्या. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट त्याच्या गावच्या पारावर पोचली असती, आणि निंबाच्या घरी त्या वर्षी पोराचं लग्न निघालेलं. तो टोपी काढून घाम पुसायला लागला.

"बठ मंग," तो शेवटी म्हणाला.

"आधी बाईन्या ट्रंका चढाव. आधी जळगाव."

"मना रस्ता धुळे शे."

"तुना रस्ता धुळे शे. मना रस्ता जळगाववरीन जास."

निंबानं ट्रंका उचलल्या, तिच्या पत्र्याच्या पेटीसकट. त्याचं तोंड कडू झालं होतं, पण दोर त्यानंच बांधले. पुढे झुलालशेजारी एल्साबाई आणि धुरपदाबाई बसल्या. मागे ट्रंकांवर मी आणि निंबा. मधल्या जाळीतून पुढचं सगळं ऐकू येत होतं.  तापीच्या पुलावर धुरपदाबाईनं विचारलं, "तुमले तठे लेवाले कोन येनार शे?"

बाई म्हणाल्या, "बहीण यायची. ती गेल्या वर्षी गेली. तिथल्या चर्चमधल्या मंडळीला कळवलं आहे. देव कोणालातरी पाठवेल."

"मनासाठे देवनी कोनले धाडं, देखं ना?" तिनं मान मागे करून निंबाकडे दाखवलं. "तुमनासाठे जरा बरा धाडाले सांगा."

बाई हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. धुरपदाबाईनं त्यांना जवळ घेतलं नाही, डोळे पुसले नाहीत. काचेतून पुढे बघत बसली आणि झुलालला म्हणाली, खड्डा देख.

स्टेशनवर गाडी वेळेवर होती. हमाल मिळेना, म्हणून ट्रंका निंबानं आणि मी नेल्या. बाईंनी निंबाचे दोन्ही हात धरून आभार मानले. त्यांनी ते मनापासून मानले, हेच मला सहन होईना. धुरपदाबाई खिडकीशी उभी राहून सूचना देत होती. वाटेत उतरून पाणी प्यायचं नाही, पिशवीतल्या दशम्या दोन दिवस टिकतील, कोणाला वाटायच्या नाहीत. गाडी हलली तेव्हा बाईंनी हात बाहेर काढला. तो हात हिनं धरला नाही. पदर तोंडात कोंबून पाठ फिरवली आणि मला म्हणाली, "तू बी चाल. साक्षीले."

मी जायला नको होतं. सणाचा दिवस, घरी बायको वाट पाहत होती. पण जळगावहून एकटी तिला त्या माणसाबरोबर पाठवायला मन होईना. त्यानं तिला एरंडोलच्या फाट्यावर उतरवून दिलं असतं, एवढी मला त्याची खात्री होती.

दिवेलागणीच्या सुमाराला आम्ही पोचलो. गावात कडुनिंबांना झोके बांधलेले, पोरी गौराईची गाणी म्हणत होत्या. टेम्पो आल्यावर इंदिराबाई लगबगीनं दारात आली. मागचं फळकं पडलं आणि त्यातून एक पत्र्याची पेटी, एक विळी आणि मी एवढंच उतरलं. पुढून धुरपदाबाई उतरली आणि अंगणात उभी राहिली. तीच जागा असणार, कारण तिनं पाय कुठं ठेवायचा याचा विचार केला नाही.

"तुकडा लई ये, इंदिरा."

"कसाना तुकडा?"

"मुराळी मले लई उना. ईचार तुना धनीले."

निंबा पेटी खाली ठेवून खाटेवर जाऊन बसला आणि जमिनीकडे पाहायला लागला. इंदिराबाई दोन्ही हात चौकटीला लावून उभी. "घरमा जागा नही," ती म्हणाली. शेजारच्या बायका जमल्या. झोक्यावरच्या पोरी गाणं सोडून आल्या.

"त्या सालले मी संध्याकायनी गाडीवर मांगे गयू," धुरपदाबाई म्हणाली. "आज मनी गाडी नही."

मग ती नुसती उभी राहिली. वय झालेलं, दिवसभर टेम्पोत हादरे खाल्लेले. बसली असती तर सगळं संपलं असतं. मी डोळे मिटून प्रार्थना केली. भरवसा होता म्हणून नव्हे. दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून. शेवटी घोळक्यातली एक म्हातारी पुढे झाली आणि इंदिराबाईला म्हणाली, "ती गावनी लेक शे. आखाजीना दिन लेकले दारमा उभी ठेवतस नही."

इंदिराबाई आत गेली. आम्हाला वाटलं, आता दार लावणार. ती भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन बाहेर आली. तोंडावर राग तसाच होता. तिनं तुकडा ओवाळला आणि पाणी असं फेकलं की अर्धं धुरपदाबाईच्या पायावर पडलं. धुरपदाबाई उंबरा ओलांडून आत गेली. लगेच परत दारात आली आणि मला म्हणाली, "जाय आते. बाईले कागद लिख, दार उघडनं. पन देवनी उघाडं आसं लिखू नको. मी उघाडं."

मी तसं लिहिलं. तिचं वाक्य तिच्या नावानं घातलं आणि त्याच्या खाली माझ्या नावानं लिहिलं, की दार देवानंच उघडलं. पावसाळ्यात बाईंचं उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं, 'दोघांचंही पोचलं. तिला तिथं पोटभर वाढतात का, ते जाऊन बघ. मला घ्यायला कोणी आलं नव्हतं. मी रात्र स्टेशनच्या बाकावर काढली. तिला हे सांगू नकोस.'

मी गेलो. निंबाच्या घरी चूल धुरपदाबाईच्या ताब्यात होती आणि इंदिराबाई पडवीत फुगून बसली होती. घरात दोघींचं रोज भांडण होतं, असं निंबानं मला दारातच रडगाणं गायलं. धुरपदाबाईनं मला पाहिलं आणि बस म्हणायच्या आधी विचारलं, "बाईले लेवाले कोन उनं?"

"आले होते," मी म्हणालो. "पुष्कळ मंडळी आली होती."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला खोटं बोलता येत नाही, हे तिला पंचवीस वर्षं माहीत होतं.

"तुना देवले लाज वाटाले जोयजे," ती म्हणाली. तिनं पदरानं डोळे पुसले आणि ताट घ्यायला उठली.

मी प्रचारकाचा मुलगा. मला उत्तर द्यायला हवं होतं. पण सबंध वाटभर, एस.टी.त बसल्यापासून, मीही देवाला हेच म्हणत आलो होतो. म्हणून मी तिनं वाढलं ते जेवलो.